शालिकरामपेक्षा शंभर जास्त

(अमरावतीचा एक आखाडा, सकाळची वेळ. वस्ताद नत्थुजी चंद्रभानचा निखळलेला खांदा बसवून त्यावर तेल चोळत आहेत.)

नत्थुजी – हालू नोको. खांदा बसला जागेवर, पन दोन महिने जोर बंद. अकोल्याच्या कुस्तीच्या दंगलीले आता शालिकराम जाईन.

चंद्रभान – शालिकराम! बजारात कापसाचे बोजे उचलनारा हमाल! वस्ताद, दूरच्या मुलखात लढाई लागली, कापसाले भाव आला, तं आमच्या बाबानं पयले माह्यासाठी म्हैस घेतली. सरकी खाते ते. रोज दोन शेर दूध पेतो मी. वरून बदाम, तूप.

नत्थुजी – म्हशीचं समजलं. पोटाचं सांग.

चंद्रभान – पोट... चालते.

नत्थुजी – चालते का पयते? तुही बायको जमुना सांगत होती, चार रोज झाले, हातातला लोटा खाली ठिवत नाई तू.

चंद्रभान – तिले काय समजते! शालिकराम पाचशे जोर मारे, मी साहाशे मारले. तो सातशेवर गेला, मी आठशे.

नत्थुजी – अन् शनिवारी? मारुतीच्या वारी आखाड्यात निस्ती माती खंदाची, ताक-तेल टाकाचं. जोर नाई.

चंद्रभान – घरी मारले. कवाड लावून.

नत्थुजी – काहून?

चंद्रभान – तो बी चोरून मारत असन ना! नाई तं भाकर अन् तुरीचं वरन खाऊन एवढी छाती येते कुठून? लपवून काय ठिवू, वस्ताद, त्याचे दंड पाह्यले का माह्या पोटात आग पडते.

शालिकराम – (आत येत) राम राम वस्ताद! बैल जुपले, निंगाचं का? कसा हाये रे चंद्रभान, खांदा?

चंद्रभान – तुले तं खुशी झाली असन.

शालिकराम – झाली ना. खोटं काहून बोलू? तू असता तं मले कोनं नेलं असतं? पन असा खांदा उतराले नोको होता, गड्या.

चंद्रभान – एक सांग. मारुतीची आन हाये तुले. शनिवारी घरी किती जोर मारतं?

शालिकराम – शनिवारी? माती खंदली का घरी जाऊन आडवा होतो. माय उठवते, भाकर खातो, पुन्हा झोपतो.

चंद्रभान – निस्ता झोपतं?

शालिकराम – मंग काय करू? हप्ताभर बोजे उचलून, जोर मारून आंग दुखते ना बाप्पा!

नत्थुजी – आयकलं? मेहनत आंग तोडते, खुराक त्याले माल पुरवते, पन आंग भरते ते झोपेत. तुह्याजवळ खुराक याच्या दुप्पट, मेहनत बी जास्त. झोपेचं सांग. किती झोपतं तू?

चंद्रभान – कशाचा झोपतो, वस्ताद... डोळे मिटले का हाच जोर मारतानी दिसते. मंग मी बी उठतो.