शेळ्यांना कळणारी आर्मेनियन

आज मी आर्मेनियन भाषेचा डॉक्टर म्हणून मिरवतो, पण माझी जीभ वळवली ती टेंभुर्णीत अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, शेळ्यांनी. मोबाईलवर क्लास करायचो, पण बोलायला माणूस न्हाई. मंग शेळ्या चारताना त्यांच्याशीच बोलायचो. 'इकडं या', 'मागं फिरा', सगळं आर्मेनियनमधून. दोन वर्षांत माझ्याआधी त्याच पक्क्या झाल्या.

पुढं शिष्यवृत्तीवर आर्मेनियात, येरेवानला गेल्तो. तोंडी परीक्षेला समोर तीन प्राध्यापक. नापास झालो तर थेट परत त्याच शेळ्यांमागं. तेवढ्यात अप्पांचा फोन. कापला, तर परत आला. त्यातल्या बाई म्हणाल्या, "घ्या, घरचं काही असेल."

"आरं, शेळ्या भीमरावच्या सोयाबीनात शिरल्या! माझं ऐकूनच न्हाई राह्यल्या. भीमराव काठी घेऊन आलाय. तू बोल त्यांच्याशी!"

"अप्पा, परीक्षा चालू आहे."

"मंग परीक्षेतूनच बोल. स्पीकर लावलाय मी."

काय करता? डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून आर्मेनियनमधून ओरडलो, "चला, निघा सगळे बाहेर! जल्दी!"

तिकडं अप्पा खूश. "बराबर! निघाल्या रे समद्या!"

मी डोळे उघडले. तिन्ही प्राध्यापक कागद गोळा करून दारापर्यंत पोचले होते.

म्हणलो, "अप्पा, इकडचे बी निघाले."