काविळीची माळ

दवाखान्यात गरोदर बायांच्या रांगेत उज्ज्वलाच्या पुढं सासू-सून होत्या, आणि सिस्टरचा पारा चढला होता.

"भामाबाई, सुनेच्या गळ्यात ही माळ कसली?"

"काविळीची. रिपोर्टात 'कावीळ ब' निघाली न्हवं? आता माळ बेंबीपर्यंत उतरली, म्हंजे कावीळ गेली."

"अवो, दोरा सैल होऊन माळ उतरती, रक्तातला आजार न्हाई! ह्या महिन्यात मी बघितलेली ही तिसरी माळ. बाळाला जन्मल्या जन्मल्या सुई द्यावी लागती, बाळंतपण दवाखान्यातच करा. अन् घरातल्या समद्यांचं रक्त तपासा."

"आमचं का म्हून? हिनं माहेरून आणलंय. आमचे डोळे पांढरेफेक हायती."

"हिचे तरी कुठं पिवळे हायती?"

सुनेनं माळ काढून सासूच्या हातात ठेवली.

"आत्या, रक्त तपासायला माझ्या मागं रांगेत उभ्या ऱ्हावा."

उज्ज्वलानं मागं सरकून जागा केली.