पावशेर हलकी सायकल

आमच्या बाळ्याचं डोकं लई चालतं बरं का. त्याच्याकडं डबल शॉकची जुनी सायकल हाय. घेतली घाट चढायला, पण रोज तिच्यावर तो डेरीला दूध घालतो. कावून? तर शॉकमुळं दूध हिंदकळत न्हाई!

तर ह्या रेसच्या घोड्याला बाळ्यासाहेबांनी पुण्याहून भारीतली क्रँक मागवली. म्हणजे पायडलची दांडी हो! दिवसभर खपून बसवली आन् वडलांना म्हणला, "आण्णा, उचलून बगा. पावशेर हलकी झाली!"

आण्णांनी खरंच सायकल उचलून बघितली.

"बरं झालं," ते म्हणले. "मास्तरीणबाई कवाच्या पावशेराचा रतीब मागायल्यात. उद्यापासून त्यांचं बी दूध घेऊन जात जा. सायकलला कळायचं बी न्हाई."