पाच जोड ओले कपडे

जबाब देणार: मुकादम (कामावर आणि घरीही याच नावाने ओळखतात, पूर्ण नाव वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे). वय सत्तावन्न वर्षे. धंदा: विजेच्या मोठ्या तारांखालचे गवत व झुडपे तोडणाऱ्या टोळीवर देखरेख, नोकरी एकतीस वर्षे. राहणार: कामगार वसाहत, पाण्याच्या टाकीसमोर, तळमजला, डावीकडचे दार.

मी आपल्या पायाने ठाण्यात आलो आहे, मला कोणी बोलावणे धाडलेले नाही. समक्ष सांगतो की, आमच्या कामावरच्या कोठीवाल्या ताईंवर जी तक्रार झाली आहे, त्या संबंधाने मला जे ठाऊक आहे ते येणेप्रमाणे.

ताई आमच्या आवारातली कपड्यांची आणि अवजारांची कोठी सांभाळतात. त्यांच्या माघारी टोळी त्यांना 'मोजपट्टी' म्हणते. कारण ताई मोजल्याशिवाय काही देत नाहीत आणि मोजल्याशिवाय काही बोलतही नाहीत. हे नाव मीच ठेवले होते. तेव्हा चेष्टेने ठेवले होते.

आमचे काम छातीएवढ्या गवतातले. तिथे गोचिडी फार. पायावरून वर चढतात, गुडघ्यामागे, कमरेला, मानेला चिकटतात आणि चावलेले कळतही नाही. चार वर्षांपूर्वी ताईंचा धाकटा भाऊ माझ्याच टोळीत होता. त्याला गोचीड चावून ताप भरला आणि पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. दोन महिने त्याचा उजवा डोळा मिटत नव्हता. झोपताना ताई पट्टी लावून तो डोळा मिटवत. तो बरा झाला, पण गवतात परत आला नाही.

त्यानंतर ताई आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे चार खेपा घालून आल्या आणि कपड्यांना परमेथ्रिन नावाचे औषध लावण्याची परवानगी कार्यालयाकडून लेखी मिळवली. हे कीटकनाशक अंगाला लावायचे नसते, कपड्यांना लावायचे असते. आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, "ताई, आता गोचिडी आमचे कपडे बघून लाजणार होय?" त्यावर ताईंनी टेबलावर पांढरा कागद पसरला. एका बाजूला साध्या मोज्याचा तुकडा ठेवला, दुसऱ्या बाजूला औषध लावून वाळवलेल्या मोज्याचा. काडेपेटीतून दोन जिवंत गोचिडी काढून एकेक सोडली. साध्या मोज्यावरची तुरुतुरु चढून गेली. दुसरी जरा चढली, मग तिचे पाय लटपटले आणि ती कागदावर उलटी पडली. "लाजत नाहीत, मुकादम. पडतात," एवढेच ताई म्हणाल्या. मी त्या दिवसापासून हसणे बंद केले.

इथे मला हवालदारसाहेबांनी मुद्द्याचे बोला, औषध कोणी फवारले तेवढे सांगा, असे सांगितले. मी म्हणालो की मुद्दा हाच आहे. ताई कसे फवारतात हे कळल्याशिवाय त्या दिवशी काय झाले ते कळणार नाही. मग त्यांनी तेही लिहून घेतले.

ताईंची पद्धत अशी. औषध कपड्यांसाठी बनवलेल्या तयार बाटलीतलेच घ्यायचे. कपडे आवारात मोकळ्या हवेत दोरीवर टांगायचे. वारा पाठीवर घेऊन, हातमोजे घालून, फक्त बाहेरून फवारायचे. पँटचा खालचा भाग, मोजे आणि बूट यांना जास्त. आतल्या कपड्यांना थेंबही नाही. कोठीत एक मांजर आहे, ते कायम कार्यालयाच्या खुर्चीत झोपते म्हणून त्याला 'मोठे साहेब' म्हणतात. हे औषध ओले असताना मांजराला बाधते, म्हणून कपडे वाळेपर्यंत मोठ्या साहेबांना खोलीत कोंडून ठेवायचे. ते आतून ओरडतात, ताई बाहेरून त्यांची समजूत घालतात. फवारले की तो दिवस आणि ती रात्र कपड्यांना हात लावायचा नाही. ताई सकाळी शिवण दाबून बघतात. शिवणीत ओल लागली तर आणखी एक दिवस.

फवारलेले कपडे घरी वेगळे धुवायचे आणि दर धुण्याला कॉलरच्या आत एक टाका घालायचा. सहा टाके झाले की औषध उतरले असे समजून कपडे परत कोठीत. माझ्या घरी टाके मीच घालतो. बायको म्हणते, "गवत तुम्ही तुडवता, तर टाकेही तुम्हीच घाला." टोळीतले नऊ गडी, ज्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती, ते आज दिवाणखान्यात बसून टाके घालतात. हे ताईंनी करून घेतले. कोणावर आवाज चढवल्याचे मी पाहिले नाही.

औषध लावण्याआधीच्या हंगामात आम्ही एकमेकांच्या अंगावरून चिकटलेल्या एकतीस गोचिडी काढल्या होत्या. त्यानंतरच्या तीन हंगामांत मिळून चार. त्याही मानेवर आणि केसांत, जिथे कापड नसते. रोज संध्याकाळी एकमेकांची तपासणी करण्याचा नियम ताईंनी तरीही सोडू दिला नाही. माझ्या एकतीस वर्षांत आमच्यासाठी इतके कोणी केले नाही. साहेबलोकांनी नाही आणि मीही नाही.

आता गुरुवारचे सांगतो. पाच जणांच्या कपड्यांचे सहा टाके भरले होते आणि तयार बाटल्या संपल्या होत्या. बुधवारी ताई मला म्हणाल्या, "त्या पाच जणांना सोमवारपर्यंत गवतात घालू नका. रस्त्याकडेचं काम द्या. बाटल्या मी स्वतः मुख्य भांडारातून घेऊन येते." मी हो म्हणालो. पण शनिवारी तारांची तपासणी होती आणि अभियंत्यांचे फोनवर फोन येत होते. चार माणसांत ते काम उरकणारे नव्हते. गुरुवारी पहाटे ताई भांडाराकडे गेल्या. कुऱ्हाडी बाहेर काढायच्या होत्या, म्हणून कोठीची चावी माझ्याकडे दिली.

आवाराला लागून रोपवाटिका आहे. तिथल्या खोपटात कीटकनाशकाचा डबा असतो. मी त्यावरचे नाव वाचले. परमेथ्रिन. नाव तेच, म्हणून औषध तेच, असा मी अर्थ लावला. ते झाडांसाठीचे, पाणी घालून पातळ करायचे जालीम औषध होते, हे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. माझा चष्मा खिशात होता, तो मी काढला नाही. डोळ्यांच्या अंदाजाने बादलीत ओतले, पाणी कमीच घातले आणि कमी पडायला नको म्हणून झाडांच्या पंपाने पाचही जोड आतून-बाहेरून भिजवले. हे मी केले. मला कोणी सांगितले नव्हते. कोणी पाहिलेही नाही.

अर्ध्या तासाने गाडी आली. गडी म्हणाले, "मुकादम, ओलं आहे अजून."

मी म्हणालो, "अंगावर वाळेल. चढवा."

टोळीत एक गडी आहे, तो काम करताना सतत गातो म्हणून त्याला गवई म्हणतात. त्याचा आवाज चांगला नाही, पण त्याची सवय झाली आहे. अकराच्या सुमारास त्याचे गाणे थांबले. मी वळून पाहिले तर तो खाली बसला होता. मांड्यांची आग होते, ओठ बधिर झालेत, असे म्हणाला आणि त्याला उलटी झाली. बाकीचे चौघेही अंग खाजवत होते.

मी ताईंना फोन केला. औषध लावलेले कपडे ओले होते, एवढेच मला बोलता आले. ताईंनी कोण, का, काही विचारले नाही. म्हणाल्या, "आधी सगळ्यांचे कपडे उतरवा. साबण आणि भरपूर पाणी. घासू नका. गाडी वळवा." आम्ही पिण्याचे सगळे पाणी पाचही जणांच्या अंगावर ओतले. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा ताई माझ्याआधी पोचलेल्या होत्या. कोठीत तयार बाटली उरलेली नव्हती हे ठाऊक असल्याने वाटेत आवारात उतरून, वासावरून शोधून, त्यांनी रोपवाटिकेतला तो डबा पिशवीत घालून आणला होता आणि डॉक्टरांसमोर धरला होता. डॉक्टर मला नंतर म्हणाले की अंगावर नेमके काय गेले ते लगेच कळले, म्हणून त्यांचा वेळ वाचला. गवई तीन दिवस तिथे होता. काल घरी आला. श्वास नीट आहे, गाणे अजून सुरू केलेले नाही.

गवईची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी ताईंवर तक्रार दिली की त्या बाईने माझ्या नवऱ्याचे कपडे विषात बुचकळले. वहिनींचा राग बरोबर आहे, पण तो चुकीच्या माणसावर आहे. शुक्रवारी ताईंना इथे बोलावले. त्याच संध्याकाळी कार्यालयाने त्यांना कामावरून दूर केले आणि कोठीला मोहोर लावली. या सगळ्या वेळात मी घरीच होतो. मला निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत. मी गप्प बसण्याचे कारण तेवढेच होते, दुसरे नाही.

आज सकाळी मी ताईंच्या घरी गेलो. त्यांच्या भावाने दार उघडले आणि मला आत बसवले. मी ताईंना विचारले, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

ताई म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, कोठीची चावी कोणाकडे असते. माझ्याकडे असते, म्हणून सांगितलं. फवारताना मी कोणाला पाहिलं नाही. न पाहिलेलं मी कसं सांगू?"

मी म्हणालो, "पण तुम्हाला माहीत होतं ना, ताई?"

"माहीत असणं वेगळं, मुकादम. ज्याने पाहिलंय त्याने सांगायचं."

त्या मला रागे भरल्या नाहीत. त्यांनी पाणी दिले. मी दोनदा प्यायलो आणि तिथून सरळ इथे आलो.

हवालदारसाहेबांनी विचारले की त्याच दिवशी त्याच गवतात असून तुम्हाला काही त्रास कसा झाला नाही. सांगतो की, माझे कपडे त्या पाचांत नव्हते. ते ताईंनी आदल्या आठवड्यात बाहेरून फवारून, दोन दिवस वाळवून, शिवण दाबून बघून माझ्या हातात दिले होते. गुरुवारी मी तेच घातले होते.

हे सगळे हवालदारसाहेबांनी मला पानामागून पान मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे, कमी-जास्त काही नाही. मला कोणी धाक घातला नाही की आमिष दाखवले नाही. उलट सही करण्याआधी साहेबांनी मला दोनदा सांगितले की पुन्हा विचार करा. तो मी शुक्रवारपासून करत होतो, म्हणून लगेच सही केली आहे.