फादर इनास पंख्याकडे का बघत होते

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मग्राम मंडळाचे प्रमुख बावतीस मास्तर, शेजारधर्म म्हणून अगत्यानं आलेले पंचायतीचे मारुतीराव, सिस्टर सुपीरियर, ज्यांच्यासाठी एवढ्या खुर्च्या मांडल्या ते आपले फादर इनास, समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि मागं दाराजवळ उभं राहून जेवणाच्या पातेल्यांवर नजर ठेवणाऱ्यांनो, तुम्हा सगळ्यांना नातालीन आजीचा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. अठ्ठ्याहत्तर वर्षांत या चर्चमध्ये मला कुणी बोल म्हटलं नव्हतं. गप्प बस मात्र बरेचदा म्हटलं. मग आजच का? बावतीस मास्तर, यात तुमचा काहीतरी डाव आहे असा मला पहिल्यापासून वास येतोय. फादरांच्या बदलीसाठी बिशप हाऊसला जो अर्ज गेला, त्यावर पहिला अंगठा माझा आणि त्याखालची सही तुमची. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारीला पुढं उभी करावी, लोक तिच्याकडं बघतील, सहीकडं कोण बघतंय? ठीक आहे. बघू द्या.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या नातसुनेनं, सौम्यानं, हे लिहून घेतलंय आणि कागद धरून ती बाजूलाच उभी आहे. मी वाट सोडली की ती खोकणार. सौम्या, आत्ताच नको गं, अजून मी वाटेला लागलेच नाही.

तर तीन वर्षांपूर्वी फादर इनास हुबळीकडून आपल्या वाडीत आले. मोटारसायकल, मागं एक ट्रंक, आणि फोनवर कन्नड. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. कन्नडशी माझं भांडण नाही. मलाही येतं, बाजारापुरतं. पण पाप सांगायला बाजारापुरती भाषा पुरते का? मला पुस्तक वाचता येत नाही. माझा सगळा धर्म कानातून आत गेलेला आणि तोंडातून बाहेर येणारा, आणि तो सगळा मराठी. तो काढून घेतला तर मी देवापुढं मुकी.

आणि फादरांचं मराठी कसं? रविवारच्या मिस्सेत, सगळे प्रार्थनेला जमलेले असताना, कागद उघडायचे आणि वाचायचे, ‘प्रिय बंधुभगिनींनो, परमेश्वराची करुणा अपरंपार आहे.’ एकेक शब्द इस्त्री केलेला. कागदाची घडी घातली की माणूस गप्प. मिस्सा सुटल्यावर फाटकाशी आपण सगळे घोळका करून उभे राहतो, कुणाची मुलगी बघायला आले, कुणाला उद्यमबागेत कामावरून काढलं, सगळं तिथंच कळतं. फादर तिथं येऊन नुसते हसायचे. हसणाऱ्या माणसावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

आता शनिवारचं ऐका. शनिवारी चार वाजता मी वेदीवरची फुलं बदलते, आणि मग कबुलीच्या जाळीपुढं गुडघे टेकते. मारुतीराव, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्यात आठवड्याची पापं फादरांच्या कानात सांगायची असतात. ते देवाच्या वतीनं माफी देतात आणि प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना म्हणायला सांगतात. आणि कानात पडलेलं फादरांनी जीव गेला तरी बाहेर काढायचं नाही.

फादर इनास काय सांगायचे? ‘तीन नमो मरिया म्हणा.’ सुनेला टोचून बोलले, तीन नमो मरिया. मिस्सेत झोप लागली, तीन नमो मरिया. शेजारणीचा पाय मोडावा असं मनात आणलं आणि तो मोडला, तरी तीनच! वैद्यसुद्धा खोकला बघून काढा देतो. हा एकच काढा सगळ्याला कसा? माझी खात्री झाली, जाळीपलीकडच्या माणसाला एक अक्षर कळत नाही.

तुम्ही हसताय. पण माझ्या वयाची होऊन विचार करा. पहिल्या बाकावर आम्ही सात जणी बसायचो. आता मी एकटी बसते, ऐसपैस. यांना कळतच नसेल, तर माझी तीन वर्षांची पापं माफ झाली, की त्या जाळीतच अडकून राहिली? वरच्या दारात कुणी अडवलं तर काय सांगू? फादरांना मराठी येत न्हवतं म्हणून?

म्हणून मी परीक्षा घेतली. एका शनिवारी गुडघे टेकले आणि म्हटलं, ‘फादर, येत्या रविवारी मिस्सा सुटली की मी पास्कूआप्पाबरोबर पळून जाणार हाय. खानापूरच्या बसनं.’

पास्कूआप्पा, सावरून बसा. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले, पळणार कुठं? आणि सिसिल आक्का, तुम्ही असे डोळे वटारू नका. तुमचा नवरा माझ्या घरी आणून सोडलात तरी मी संध्याकाळच्या आत परत पोचवीन.

जाळीपलीकडं एकदा ठसका लागल्याचा आवाज आला. मग, ‘तीन नमो मरिया म्हणा.’

झालं! मी उठले ती थेट बावतीस मास्तरांच्या ओट्यावर. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर याच हॉलमध्ये मंडळाची बैठक. मास्तरांनी विचारलं, ‘फादर, तुम्हाला मराठी कळतंय का न्हाय?’

फादर म्हणाले, ‘कळतं.’

मी मागून उठले. ‘कळतंय तर सांगा की! काल जाळीत म्या काय सांगितलं?’

फादरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग वर पंख्याकडं.

‘पाप माझं हाय. माझी परवानगी हाय. सांगा!’

फादर पंख्याकडंच बघत राहिले. सिस्टर काहीतरी सांगायला उठल्या, पण त्यांचं कोण ऐकतंय? बावतीस मास्तर म्हणाले, ‘बघा मंडळी, एक वाक्य सांगता येईना.’ आणि सौम्याच्या हातून अर्ज लिहून झाला. आमचे कबुलीजबाब वाया जात आहेत, तरी मराठी समजणारे फादर द्यावेत.

जे आत्ता तुम्हाला बसल्या जागी सुचतंय, ते त्या दिवशी आपल्यातल्या एकालाही का सुचलं नसेल? मारुतीरावांना मघाशी एका दमात सांगितला तो नियम मला परकरात होते तेव्हापासून पाठ आहे. संशयाला स्मरणशक्ती नसते, बाबांनो.

लाईट गेली वाटतं. जाऊ दे. मला माईक कधी लागलाय?

तर बदलीची ऑर्डर आली. मी जिंकले. त्याच आठवड्यात शहापूरच्या भाजी बाजारात गेले होते. अंबूबाईच्या गाड्याशी हेल्मेट घातलेला एक गडी हुज्जत घालत होता. ‘आगं आक्का, ह्यात कीड हाय बघ की! आसलं वांगं माझ्या आईनं म्हशीला सुदा घातलं नसतं.’

अंबूबाई म्हणाली, ‘मग म्हशीला इचारून घ्या जावा. माझी वांगी लई गोड हायती.’

‘गोड हायती म्हनूनच किडीनं आदी खाल्ल्यात व्हय गं?’

आवाज ओळखीचा वाटला. मी पुढं होऊन हेल्मेटमध्ये डोकावले. आत फादर इनास!

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. टोमॅटो गाड्याखाली गेले. ते बिचारे वाकून गोळा करायला लागले. मी विचारलं, ‘व्हय ओ फादर, ही भाषा कुठली?’

म्हणाले, ‘आईची. ती निपाणीची. तंबाखूच्या वखारीत होती.’

‘मग मिस्सेत ती कागदाची भाषा कशाला?’

ते टोमॅटो पुसत राहिले. मग म्हणाले, ‘सेमिनरीत, फादर व्हायला शिकताना, मी तोंड उघडलं की पोरं हसायची, आजी. वाटलं, आईची बोली बाजारात ठीक आहे. वेदीवर बरी दिसत नाही.’

‘आन् मग माझं ते... त्या शनिवारचं...’ मी विचारायला गेले.

फादर म्हणाले, ‘टोमॅटो फुटले नाहीत बघा.’

मंडळी, मी तिथंच गाड्याच्या दांड्याला धरून उभी राहिले. या माणसाला सगळं कळत होतं. पहिल्या शनिवारपासून. बैठकीत एक वाक्य बोलले असते, ‘ही म्हातारी पास्कूआप्पाबरोबर पळणार होती,’ तर हॉल हसून लोळला असता, अर्ज लिहिलाच गेला नसता आणि यांची बदली टळली असती. माझी परवानगीसुद्धा होती. तरी हा माणूस पंख्याकडं बघत बसला.

मी दुसरा अर्ज केला. पुन्हा अंगठा. उत्तर आलं, ठरलेल्या बदल्या आता फिरत नाहीत. सौम्यानं ते मला दोनदा वाचून दाखवलं. मला तिचाही संशय आला, म्हणून तिसऱ्यांदा दुसऱ्याकडून वाचून घेतलं. तेच होतं.

काल शनिवार. शेवटचा. फुलं बदलली, जाळीपुढं बसले आणि सगळं सांगितलं. खोटी कबुली, बैठक, अंगठा. मग पलीकडून आवाज आला, ‘बास गं आज्जे. तीन नमो मरिया म्हन, आन् घरला जा.’

माझं मी सांगते आहे, त्यांनी नाही सांगितलं, हे ध्यानात ठेवा. तीन वर्षांत त्या खुर्चीतून त्यांच्या आईची बोली पहिल्यांदा आली. मी उठता उठता म्हटलं, ‘वेदीवर पण असंच बोल की लेकरा, जिथं जाशील तिथं.’

पण रात्रभर मला संशयच. माणसाला तीन वर्षांत घालवून दिलं, त्याला तीनच नमो मरिया? हे फार स्वस्तात झालं. म्हणून उरलेलं प्रायश्चित्त आज तुमच्यापुढं उभं राहून फेडते आहे. बावतीस मास्तर, तुमच्या सहीचं तुम्ही बघा.

मला इथं उभं केलंत, भले कुठल्याही हेतूनं असो, त्याबद्दल मंडळाचे आभार. मारुतीराव आले, सिस्टरांनी हार केले, बायकांनी पहाटेपासून चूल सांभाळली, त्यांचे आभार. सौम्या एकदाही खोकली नाही, तिचे विशेष. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर सिसिल आक्कांनी आधी आणि बाकीच्यांनी नंतर मला पदरात घ्यावं. फादर, तुमच्याकडं माफी आता मागत नाही. ती काल मिळाली.

आणि कुणाला वाटत असेल की नातालीन आजीनं हे सगळं रचून सांगितलं, तर खरं-खोटं सांगू शकणारा या हॉलमध्ये एकच माणूस आहे. विचारून बघा. पंखा मघाचाच बंद आहे. तरी ते वरच बघतायत.