दोन एकरांचा पार्ट

कांता: पुन्हा. दारातून या. मी साहेब, हा पाट म्हणजे साहेबाची खुर्ची.

लटारू: त्या पाटावर आत्ताच कोंबडी बसली होती.

कांता: आता साहेब बसले. या ना बाबा, एसटी निंघून जाईन.

लटारू: आलो. हं. साहेब, मी लटारू, या दरबारी एक फिर्याद घेऊन उभा आहे...

गुलाब: आला दरबार.

कांता: बाबा, ते तहसील ऑफिस हाय. दरबार नाई.

लटारू: तोंडात तेच येते, काय करू? पंधरा वर्षं झाली राजाचा पार्ट करून राह्यलो. मंडईच्या जत्रेत नाटकाले बसलेल्या शेवटच्या माणसाले माहा आवाज जाते, भोंगा नाई लागत.

गुलाब: तहसीलीतही शेवटच्या टेबलापर्यंत जाईन. भेव तेच हाय.

कांता: तू तुह्या साक्षगंधाच्या पत्रावळ्या लाव ना, बाई. मधात नको बोलू.

गुलाब: हातानं लावून राह्यली. तोंड रिकामंच हाय.

कांता: चला. मी साहेब. "बोला, काय काम आहे?"

लटारू: उत्पन्नाचा दाखला दुरुस्त करायचा हाय, साहेब.

कांता: "का? गेल्या महिन्यात दिला ना दाखला?"

लटारू: देल्ला. पण त्यात उत्पन्न थोडं वाढलं.

कांता: "कसं वाढलं?"

लटारू: आता धान वाढते तसं वाढलं.

गुलाब: धान पाण्यानं वाढते. आपलं पाहुण्यानं वाढलं.

कांता: बाबा, जे झालं ते सांगा. सरळ.

लटारू: तुमाले दोघीले माहीत हाय ना.

कांता: आमाले हाय. साहेबाले नाई. "बोला, मला वेळ नाही."

लटारू: साहेब, त्या दिवशी माह्या मोठ्या पोरीले पाहाले पाहुणे आले होते. पोरगा, त्याचे माय-बाप, काका, मामा. चहा चालू होता. तेवढ्यात तलाठीभाऊ दारात. म्हणले, लटारू, लहानीच्या कॉलेजच्या दाखल्यासाठी लिहून घेतो, वावर किती, बैल किती? सारे कप खाली ठेवून माह्याकडं पाहाले लागले. मंग मी म्हटलं...

कांता: "काय म्हटलं?"

लटारू: दहा एकर.

कांता: "आहे किती?"

लटारू: दोन.

गुलाब: अन् बैल?

लटारू: तू साहेब नाईस.

गुलाब: शेजारच्या नथ्थूकाकाची जोडी आणून बांधली होती दारात. त्यातला पांढरा मारते. त्याच्या शिंगापुढून मी चहा नेला, अन् पोराची माय घरी जाऊन म्हणे, पोरगी किती हळू चालते, वळण चांगलं हाय.

लटारू: चांगलंच झालं ना मंग.

कांता: बाबा, इकडं पाहा. साहेबाच्या बाजूच्या टेबलावर कोण बसते?

लटारू: बाबू.

कांता: नाव?

लटारू: गुणवंतराव.

कांता: म्हणजे कोण?

लटारू: पोराचा मामा. कितीदा बोलवशीन माह्या तोंडून? त्याच्याच पुढं बसून दहा एकर सांगतले, अन् आता त्याच्याच पुढं जाऊन दोन सांगू. मंगळवारी साक्षगंध हाय. सांगतल्यावर येतीन ते?

कांता: अन् नाई सांगतलं तं माहा फॉर्म राहाते. शेवटची तारीख शनिवारी हाय.

लटारू: तुले शेतकीच कॉलेज काऊन पायजे? नर्सिंगले जा ना. तिथं शिकता शिकता पैसे भेटते म्हणे. म्हणजे ह्या दाखल्याची झंझटच नाई.

कांता: शाळेतले सर तेच म्हणले. त्याईनं समदं समजावून सांगतलं. नर्सिंग साडेतीन वर्षं, राहाणं तिथंच, दर महिन्याले विद्यावेतन. डी.एड. केलं तं दोन वर्षांत मास्तरीण. साधं बी.एस्सी. केलं तं चांद्याले राहून होते, पण पुढं काय ते कोणी सांगत नाई. शेतकी चार वर्षं, नागपूरले. त्याले माहे मार्क पुरते. फी माफ, वसतिगृह भेटते, शिष्यवृत्ती भेटते. जातीचा दाखला आला. उत्पन्नाचा तेवढा बरोबर पायजे.

लटारू: मंग एवढ्या चारात तुले महागातलंच दिसलं.

कांता: महाग नाई. दाखला बरोबर असला तं सगळ्यात स्वस्त तेच पडते. अन् रगत पाहून मले भोवळ येते, बाबा. मागच्या साली तुमच्या पायाले कुऱ्हाड लागली तं पाणी तुमालेच पाजा लागलं मले.

गुलाब: हे खरं हाय. दवाखान्यात तुमाले नाई, हिले झोपवलं.

लटारू: पण पोरीच्या जातीनं शेतकी शिकून करायचं काय? वावरात तं रोजच जातो आपण.

कांता: जातो, अन् रोवणा करून येतो. तीन साल झाले, आपल्या बांधीतल्या धानाले गादमाशी लागते. पोंगा पोकळ होते, लोंबीच येत नाई. तुमी काय करता?

लटारू: काय करीन? पाहातो.

कांता: मी बी पाहातो. मले दिसलं की काठाच्या बांधीत जास्त लागते, मधल्या बांधीत कमी. काऊन, ते मास्तराले माहीत नाई, तलाठ्याले माहीत नाई. नागपूरले कोणाले तरी माहीत असन ना?

लटारू: असन.

कांता: मंग मले त्याच्याजवळ जायचं हाय.

गुलाब: बाबा, दारात जा. पुन्हा आत या. अन् या टाइमाले थोडे गरीब दिसा. हात जोडा.

लटारू: हात नाई जोडणार.

गुलाब: अव्वा. मंग कसं?

लटारू: कसं बी. तुमचा आजा मालगुजाराच्या दारात हात जोडून उभा राहे. ऊन असो, पाणी असो. आतून कोणी हो म्हणे ना, तं सांज होईपर्यंत हात तसेच. मी लहान होतो, त्याच्या धोतराले धरून उभा. छप्पन साली तो चांद्याले गेला, दीक्षा घेऊन आला, अन् अंगणात मले म्हणला, लटारू, आजपासून हात जोडायचे तं बुद्धापुढं. बस. म्हून मी नाटकातही भिकाऱ्याचा पार्ट घेत नाई. कंपनीवाला दुप्पट देतो म्हणला होता. नाई घेतला.

कांता: मले हे कधी सांगतलं नाई तुमी.

लटारू: तुमाले मी राजाच दिसलो पायजे.

कांता: बाबा, राहू द्या. मी नागपूरच्या नर्सिंगचा फॉर्म भरतो. भोवळ येणं बंद होत असन हळूहळू.

गुलाब: हे बेस झालं. आता हिनंही पार्ट सुरू केला.

कांता: कोणता?

गुलाब: त्यागाचा. घरात एक नाटकवाला पुरे हाय. ऊठ त्या पाटावरून.

कांता: बाई...

गुलाब: ऊठ म्हटलं ना. बाबा, मी तुमाले एकच विचारतो. सरकारी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारते, ताप किती. तुमी वाढवून सांगता का?

लटारू: नाई.

गुलाब: कमी करून सांगता?

लटारू: नाई.

गुलाब: अन् ताप सांगाले हात जोडता?

लटारू: ताप हाय तेवढा सांगतो.

गुलाब: मंग वावर हाय तेवढं सांगा. भीक कोण मागून राह्यलं?

कांता: सर बी तेच म्हणले, बाबा. सरकारनं एक रेघ ओढली. ज्याचं उत्पन्न त्या रेघेच्या खाली, त्याच्या पोरीची फी सरकार भरते. आपलं खालीच हाय. तुमी आपल्याले उचलून वर नेऊन ठेवलं.

लटारू: वर ठेवलं तं चांगलं वाटलं त्या दिवशी. खोटं नाई बोलत. त्या पाहुण्यायच्या डोळ्यात मी दहा एकराचा दिसलो. तेवढा वेळ माहा बापही दहा एकराचा झाला.

गुलाब: मले दिसलं होतं ते. म्हून मी त्या दिवशी चूप राह्यली.

लटारू: दिसलं होतं?

गुलाब: बैलाकडं पाहू का तुमच्याकडं, असं झालं होतं. आता मी गुणवंतराव. पाटावर बसली. कांता, तू साहेब, उभी राह्य. या, बाबा.

लटारू: साहेब, जयभीम. दाखला दुरुस्त करायचा हाय. माहं वावर दोन एकर हाय, दहा लिहिलं गेलं.

कांता: "कोणी सांगितलं दहा?"

लटारू: मीच सांगतलं.

कांता: बरोबर. अस्संच. थांबा, बाबा. बाई, तू बोल.

गुलाब: "काय हो लटारूभाऊ? त्या दिवशी तं आमच्या समोर दहा एकर सांगतले. आज दोन झाले? आठ एकर नदीत गेले का?"

लटारू: गुणवंतराव असा नाई बोलणार.

गुलाब: याहून वाईट बोलला तं? "आमी तुमची पोरगी दहा एकर पाहून केली. मंगळवारी काऊन यावं आमी?"

कांता: बाई, बस ना.

गुलाब: "बोला ना, लटारूभाऊ. मोठीचं काय करायचं?"

लटारू: याचा जवाब तूच सांग, गुलाब.

गुलाब: मंग मी शिकवतो. सांगा, मोठी पोरगी म्हणते, ती दोन एकराच्याच घरची हाय. दहा एकरवाल्याची पोरगी पायजे असन तं दुसरीकडं पाहा.

लटारू: असं सांगू?

गुलाब: असंच. नरम आवाजात. राजा नका करू.

लटारू: अन् ते सोडून गेले तं?

गुलाब: तं आयुष्यभर नथ्थूकाकाचा पांढरा बैल मागून आणा नाई लागणार. पोरगा मले आवडला, बाबा. खोटं कायले बोलू? पण लग्नानंतर पहिल्याच दिवाळीले ते इथी येतीन. मंग वावर दाखवाले कुठी नेणार होते तुमी त्याईले?

लटारू: त्याचा मी विचारच नाई केला.

गुलाब: तुमी फक्त पहिला अंक बसवला. अन् कांता, शिष्यवृत्ती कधी येते म्हणले सर?

कांता: दिवाळीनंतर. एकदम. तोवर मेसचं आपल्यालेच पाहा लागते.

गुलाब: तेंदूपत्त्याचे पैसे हायेत. दोघीनं तोडला पत्ता, दोघीचे पैसे.

कांता: ते तुह्या साक्षगंधाच्या लुगड्याचे हायेत.

गुलाब: मायच्या मागं राह्यलेलं हिरवं हाय. ते नेसतो. आता जा, तुमच्याशी बोलता बोलता दोन पत्रावळ्या वाकड्या झाल्या.

लटारू: माहा फेटा कुठी हाय?

कांता: कोणता?

लटारू: टोपी. टोपी म्हटलं मी.

(लटारू आणि कांता सांजेला परत आले आहेत. अंगणात पत्रावळ्यांची चळत कमरेएवढी झाली आहे.)

गुलाब: पाणी घ्या पहिले. झालं?

कांता: झालं. नवा दाखला उद्या भेटते. मीच जाऊन आणतो, तिकडूनच फॉर्म पोस्टात टाकतो.

गुलाब: साहेब ओरडला?

लटारू: साहेबानं वर पाह्यलंच नाई. विचारलं, वावर किती? म्हटलं, दोन एकर. मंग विचारलं, पहिले दहा कोणी सांगतले? म्हटलं, मी सांगतले, घरी पाहुणे होते. साहेब हासला. म्हणला, महिन्याले एक तरी बाप येते असा.

गुलाब: आवाज?

कांता: नरम होता, बाई. मलेच कान द्या लागला.

गुलाब: हात?

लटारू: खिशात होते.

कांता: खरंच खिशात होते. दोन्ही.

गुलाब: अन् गुणवंतराव?

लटारू: लिहून राह्यला होता. मी दोन म्हटलं तेव्हा त्याची पेन थांबली. बस. मंग पुन्हा लिहाले लागला.

गुलाब: काई बोलला नाई?

लटारू: तू शिकवलेलं मी मनात म्हणून राह्यलो होतो, म्हटलं, आता विचारीन, आता विचारीन. त्यानं विचारलंच नाई. मंग निंघता निंघता मीच त्याच्या टेबलाजवळ गेलो.

गुलाब: काऊन?

लटारू: पाठ केलं होतं ना. न बोलता स्टेजवरून कसा उतरू? म्हटलं, गुणवंतराव, मोठी म्हणते, ती दोन एकराच्याच घरची हाय.

गुलाब: पुढचं?

लटारू: पुढचं नाई म्हटलं. तेवढंच पुरे वाटलं.

गुलाब: मंग तो?

कांता: तो माह्याकडं पाहून म्हणला, कशाले पायजे दाखला? मी म्हटलं, शेतकीले. तं म्हणला, आमच्या धानालेही गादमाशी लागते, शिकून आली की सांगजो.

गुलाब: "आमच्या" म्हणला?

कांता: हो. "आमच्या धानाले."

गुलाब: अन् मंगळवारचं?

लटारू: त्याचं काई नाई बोलला. हो नाई, नाई बी नाई.

गुलाब: मंग ह्या पत्रावळ्या? पानं अजून हायेत. लावू का थांबू?

लटारू: लाव. गाव तं जेवनच आपल्या अंगणात. कोणत्या पोरीसाठी, साक्षगंधाचं का कॉलेजचं, ते मंगळवारी समजन.