विहीणबाई आणि ‘असतं तर’

“मीरा, मी तुझ्या सासूला हट्टी म्हटलं, तू प्रेमळ काय सांगतेस? मला कळतं हं स्पॅनिश!”

व्हिडिओ कॉलवर दुभाषी झालेली माझी नात गडबडली. तिची होणारी सासू लग्न स्पेनमध्येच म्हणून अडून बसलेली, आणि माझे गुडघे बडोद्यातल्या आमच्या मांजलपूरच्या बाहेर जायला तयार नाहीत. स्पॅनिश मी मोबाईल बघून माझी मी शिकले. फक्त ‘असतं तर’च्या क्रियापदांवर बोलताना अडखळायचे.

मुलगा म्हणाला, “आई, साधं वाक्य बोल.”

“साधं तू बोल. मी फुकट नाही घोकलेलं!”

आणि विहीणबाईंना एका दमात, न अडखळता विचारलं. त्या खळखळून हसल्या, आणि लग्न बडोद्यात ठरलं. विचारलं एवढंच होतं: “तुम्ही माझ्या जागी असतात, तर नातीचं लग्न फोनवर बघितलं असतंत का?”